कान आपला, स्पेलिंग त्यांचं
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)

व्यासपीठावर बसलेले माझे सर, गुरुजी आणि बाई. आणि खाली सतरंजीवर आपापल्या जुन्या जागा शोधून बसलेल्या माझ्या वर्गमित्रांनो आणि मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला दोन अटी घातल्या आहेत. पहिली, 'तू इंग्रजी शिकवतेस तर इंग्रजीवरच बोल.' आणि दुसरी, 'पण इंग्रजीत बोलू नको.' दुसरी अट घालणारा कोण आहे हे मला ठाऊक आहे, तो मागच्या रांगेत बसून हसतोय. त्याची अट मला मान्य आहे. इंग्रजीतल्या सारख्या ऐकू येणाऱ्या पण वेगळ्या लिहिल्या जाणाऱ्या शब्दांबद्दल मी बोलणार आहे. व्याकरणात त्यांना समोच्चारी शब्द म्हणतात. युसूफ वडगावात उभं राहून बोलायचा हा काय विषय झाला, असं तुम्हाला वाटेल. पण विषय मी नाही निवडला, आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीनं निवडलाय.

ती आज इथे बसली आहे. नाव घेत नाही, तिनं नको म्हटलंय. नववीत तिची शाळा सुटली. का सुटली ते तुम्हाला सांगायला नको. त्या उन्हाळ्यात आपल्या वर्गातल्या तिघींची लग्नं झाली होती. आता मुलगा नोकरीला लागला, सून घरात आली, आणि हिनं यंदा सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीची पुस्तकं आणली. गणिताची तिला भीती नाही. दुधाचा हिशेब पंचवीस वर्षं तोंडी केलाय तिनं. भीती एकट्या इंग्रजीची. रोज रात्री भांडी आवरली की ती फोनवर चार-पाच वाक्यं लिहून मला लातूरला पाठवते. मागच्या महिन्यात तिनं विचारलं, "अगं, मी जसं ऐकते तसंच लिहिते, मग चुकतं कसं?"

मी बावीस वर्षं इंग्रजी शिकवते आहे, पण हा प्रश्न इतक्या सरळपणे मला कुणी विचारला नव्हता.

आपण पाचवीत गेलो तेव्हा ए बी सी डी पहिल्यांदा पाहिली. इंग्रजी पहिलीपासून सुरू झालं ते २००० सालापासून, प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना; तोवर आपण शाळेबाहेर पडलो होतो. आणि आपल्यातल्या निम्म्यांची पाचवी तरी सलग कुठे झाली? दिवाळी झाली की आई-बापाबरोबर कोयत्यावर जायचं, कारखान्याच्या तळावर चार-पाच महिने काढायचे आणि शिमग्याच्या सुमाराला परत यायचं. आल्या आल्या वहीवर शुद्धलेखन. सर म्हणायचे 'वेस्ट', आणि आपण लिहायचो. कुणी कंबर लिहायचं, कुणी पश्चिम. मग लाल पेनाचे गोल. सर, तुमच्या लाल पेनावर माझा राग नाही. त्या गोलांच्या आत नेमकं काय होतं, ते आज मला सांगायचं आहे.

'वेस्ट' हाच शब्द घेऊ. डब्ल्यू ए आय एस टी म्हणजे कंबर. डब्ल्यू ए एस टी ई म्हणजे वाया घालवणं. डब्ल्यू ई एस टी म्हणजे पश्चिम. आणि व्ही ई एस टी म्हणजे बनियन. इंग्रज माणसाच्या कानाला यातले पहिले दोनच सारखे वाटतात. पश्चिमेतला ए तो आखूड म्हणतो आणि कंबरेतला ए लांबवून, शेवटी इ कडे झुकवून. बनियनचा व्ही तो खालच्या ओठावर वरचे दात टेकवून काढतो आणि डब्ल्यूला ओठांचा चंबू करतो. आपल्या मराठीत ए एकच आहे आणि व सुद्धा एकच. त्यामुळे त्याचे तीन आवाज आपल्या कानात येऊन एक होतात. त्याला दोनच शब्दांचा घोळ निस्तरायचा असतो, आपल्याला चार शब्दांचा.

हे एकट्या 'वेस्ट'चं नाही. 'वेट' म्हणजे ओलं, थांबणं, वजन आणि जनावरांचा डॉक्टर. 'सेल' म्हणजे विकणं, विक्री, शिडानं जाणं आणि टॉर्चमधला सेल. 'गेट' म्हणजे मिळणं आणि फाटक. 'टेस्ट' म्हणजे परीक्षा आणि चव. 'डेट' म्हणजे तारीख आणि 'डेट' म्हणजे कर्ज. हे शेवटचे दोन शब्द इंग्रजांना वेगळे ऐकू येतात. आपल्याकडे एकामागून दुसरं येतं, त्यामुळे एकच वाटले तर नवल नाही.

कर्जाच्या त्या 'डेट'मधला, म्हणजे डी ई बी टी मधला, बी कुणीच उच्चारत नाही. फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्यात बी नव्हताच. लॅटिन शिकलेल्या पंडितांनी, मूळ लॅटिन शब्दात बी आहे म्हणून, तो नंतर आणून बसवला. कर्जाच्या कागदावर मागाहून काहीतरी वाढतं हा अनुभव इंग्रजांनाही होता म्हणायचा.

तर, मैत्रिणी, तुझ्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे. तू ऐकतेस ते बरोबर ऐकतेस. मराठी कान जसा ऐकेल तसंच ऐकतेस. त्या लाल गोलात अडाणीपणा नव्हता, तिथे मराठी होती.

दुसरं उत्तर असं की खुद्द इंग्रजांनाही हे जमत नाही. विलायतेतली मुलंसुद्धा 'देअर' आणि 'देअर'मध्ये गोंधळतात, आणि मोठी माणसंही. याचं कारण त्यांच्या इतिहासात आहे. इंग्रजी एके काळी बरीचशी उच्चारासारखीच लिहीत. गुडघा, सुरी, सरदार या अर्थाच्या त्यांच्या शब्दांत सुरुवातीला जो मुका के दिसतो, तो खरोखर बोलला जाई. समुद्र आणि पाहणं हे दोन 'सी' वेगवेगळे ऐकू येत, म्हणून ते वेगळे लिहिले. १४७६ साली कॅक्स्टन नावाच्या माणसानं वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. छापील पुस्तकं वाढली तशी स्पेलिंगं हळूहळू गोठली. पण साधारण १४०० ते १७०० या तीनशे वर्षांत इंग्रजांच्या तोंडातले दीर्घ स्वर मात्र बदलत गेले. स्पेलिंग स्टँडवरच उभं राहिलं आणि उच्चाराची एस.टी. पुढे निघून गेली. आज आपण पाठ करतो ती बरीच स्पेलिंगं म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजांच्या बोलण्याची नोंद आहे.

आता तिसरं उत्तर. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा रेंगाळते.

कानाला एक आणि हाताला दुसरं, हे आपल्याला पहिलीपासून येतं. फक्त ते येतं हे आपल्याला कुणी सांगितलं नाही. आपल्या भागात घरी सगळे 'पानी' म्हणतात. तुम्ही म्हणता, मी म्हणते, लातूरला बावीस वर्षं राहूनही आईशी बोलताना माझ्या तोंडी 'पानी'च येतं. पण वहीत आपण ण काढतो. 'सन' म्हणजे साल आणि 'सण' म्हणजे पोळा-दिवाळी, बोलताना आपल्याकडे दोन्ही एकच, लिहिताना वेगळे. 'मन' आणि 'मण' तसेच. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. 'शिर' म्हणजे डोकं आणि 'शीर' म्हणजे रक्तवाहिनी. 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा. यातला ऱ्हस्व-दीर्घ बोलताना ओळखू येतो असं कुणी म्हणालं तर मी त्याला इथे पुढे बोलावून डोळे मिटून ओळखायला लावीन. ही सगळी स्पेलिंगंच आहेत. मराठीत आपण त्यांना स्पेलिंग म्हणत नाही एवढंच.

माझे आजोबा निजामाच्या राजवटीत शिकले. शाळा उर्दू, घर मराठी. त्यांना मी एकदा इंग्रजीची तक्रार सांगितली होती. ते म्हणाले, "तुमच्या इंग्रजीचं काय घेऊन बसलीस, उर्दूत एका ज़ ला चार अक्षरं आहेत. ज़ाल, ज़े, ज़ाद, ज़ोय. कुठे कुठलं लिहायचं ते शब्द सांगतो, कान नाही." मग त्यांनी पाटीवर मला 'नजर' लिहून दाखवली. दृष्टी या अर्थाच्या नजरेत ज़ोय, आणि ज्या 'नज़्र'पासून नजराणा झाला त्यात ज़ाल. आपण दोन्ही एकाच ज ने लिहितो, म्हणून नजर आणि नजराणा आपल्याला एकाच घरातले वाटतात. ते तसे नाहीत. आजही जमिनीच्या कागदावर नजराणा हा शब्द येतो तेव्हा मला आजोबांची पाटी आठवते. १९४८ च्या सप्टेंबरात मराठवाडा निजामाकडून सुटला तेव्हा ते तरुण होते. त्यानंतर सरकारी कागदांची लिपी बदलली आणि त्यांच्या वयाच्या माणसांनी ऐन संसारात पुन्हा नव्यानं लिहायला शिकून घेतलं. चाळिशीनंतर स्पेलिंग शिकणारी ही आपली मैत्रीण या गावात काही पहिली नाही.

मराठीनंही एक मोठा फेरफार करून पाहिला आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पत्रांत 'नांव' असं टिंब देऊन लिहिलेलं असे, 'पांच', 'कांहीं', 'घरें' असंही असे. त्यातलं टिंब बोलण्यात उरलं नव्हतं, तरी लिहायचं. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळानं शुद्धलेखनाचे चौदा नियम केले, १९७२ साली त्यांत चारांची भर घातली, आणि उच्चारात नसलेली ती टिंबं गेली. त्याची किंमत काय पडली? टिंबवालं 'नांव' म्हणजे माणसाचं, बिनटिंबाची 'नाव' म्हणजे होडी, हा फरक पुसला गेला. 'पांच' हा आकडा आणि 'पाच' हे हिरवं रत्न एकच झाले. पण 'तुझं नाव काय' असं विचारल्यावर कुणी होडी सांगितल्याचं मी ऐकलेलं नाही. वाक्य सांभाळून घेतं. इंग्रजांनी टिंबं ठेवली, आपण काढली. मला विचाराल तर आपण केलं ते बरं केलं. पण इंग्रजी त्यांची आहे, तिचे नियम आपल्याला विचारून ठरलेले नाहीत.

आता कुणी म्हणेल, वाक्य सांभाळून घेतं तर मग स्पेलिंग चुकलं म्हणून काय बिघडलं? काही ठिकाणी काहीच बिघडत नाही. आपल्याकडे गावोगावी पिठाच्या गिरणीवर इंग्रजी पाटी असते, आणि तिच्यावर पुष्कळदा पिठाऐवजी फुलाचं स्पेलिंग असतं. फ्लॉवर मिल. शहरातून आलेली मंडळी फोटो काढून हसतात. त्यांना एवढंच सांगा की पीठ आणि फूल हे इंग्रजीत मुळात एकच शब्द होते. दळणातला जो सगळ्यात बारीक, उत्तम भाग, तो त्या धान्याचं फूल. पुढे कितीतरी काळ दोन्ही अर्थांना दोन्ही स्पेलिंगं चालत होती. एफ एल ओ यू आर म्हणजे फक्त पीठ, ही वाटणी पुष्कळ नंतर पक्की झाली. गिरणीवाल्यांनी पाटी खोडायची घाई करू नये. बोअरवाल्याच्या गाडीवर बी ओ ए आर लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ रानडुक्कर होतो, पण पाणी लागायचं असेल तर लागतंच. गॅरेजवाल्यांनी मात्र बघून घ्यावं: बी आर ए के ई म्हणजे गाडीचा ब्रेक आणि बी आर ई ए के म्हणजे मोडणं. 'इथे ब्रेक करून मिळेल' याचे मग दोन अर्थ होतात.

पण काही ठिकाणी बिघडतं. आपल्याच भागातल्या माझ्या एका विद्यार्थ्याच्या शाळेच्या दाखल्यावर वडगाव डब्ल्यूनं होतं आणि दुसऱ्या एका कागदावर व्हीनं. गाव एक, व एक, उच्चार एक. कुठल्या तरी कार्यालयातल्या खिडकीतून त्याला सांगण्यात आलं की ही दोन गावं आहेत. प्रतिज्ञापत्र, शिक्के, हेलपाटे, आणि या सगळ्यात अर्जाची मुदत गेली. पोरगं हुशार होतं, पुढच्या वर्षी लागलं, पण वर्ष गेलं ते गेलंच. आपल्या तालुक्याचं बघा. कुठे के ए आय जे, कुठे के ई जे. जिल्ह्याचं नाव जुन्या इंग्रजी कागदांत बी एच आय आर असं आढळतं, आता बी डबल ई डी. ई ए घालून बी ई ए डी केलं तर उच्चार तोच राहतो आणि अर्थ होतो माळेतला मणी. म्हणून आज इथे जमलेल्यांना माझी आग्रहाची विनंती आहे: घरी गेल्यावर मुलांचे दाखले, आधार, बँकेचं पुस्तक एका जागी मांडा आणि नावातला, गावातला प्रत्येक व आणि प्रत्येक आखूड-लांब अक्षर ताडून पाहा. दहावीच्या आधी पाहा, नंतर नको. आणि कर्जाचा कागद इंग्रजीत असेल तर त्यातला 'प्रिन्सिपल' पाहा. शेवटी पी ए एल असेल तर तो मुद्दल, आणि शाळेचा मुख्याध्यापकही तोच. पी एल ई असेल तर ते तत्त्व. कर्जाच्या कागदात तत्त्व सहसा येत नाही.

फोन दुरुस्त करतो की, असं मुलं म्हणतात. करतो, पण नसलेला शब्द लिहिला तर. आमच्याकडे एका मुलानं प्राध्यापकांना संदेश पाठवला, त्याला लिहायचं होतं 'मी आपली वाट पाहतोय'. वजनाचं स्पेलिंग घातल्यामुळे तो प्राध्यापकांना तोलतोय असा अर्थ झाला. फोननं लाल रेघ ओढली नाही, कारण दोन्ही शब्द कोशात आहेत. हल्लीचे काही फोन वाक्य पाहून सुचवतात, तेही नेहमी नाही.

आता उपाय. मैत्रिणीसाठी आम्ही दोघींनी मिळून काही खुणा तयार केल्या आहेत. इंग्रजी पुस्तकांतल्या खुणा इंग्रजी डोक्यासाठी असतात, आपल्या उपयोगी पडत नाहीत. आमच्या खुणा मराठी आहेत. 'देअर' दोन. मराठीत 'इथे'च्या आधी त लावला की 'तिथे' होतं. इंग्रजीतही 'हिअर', म्हणजे एच ई आर ई, याच्या आधी टी लावला की तिथे. झालं एक 'देअर'. दुसरा 'देअर' म्हणजे त्यांचं, मालकीचं. त्यातला टी झाकला तर एच ई आय आर उरतं, आणि त्याचा अर्थ वारस. मालकी आली की वारस आलाच, सातबाऱ्यावर आपण पाहतोच. आणि या वारसाचा उच्चार 'एअर', म्हणजे वाऱ्यासारखाच. वारस आणि वारा इंग्रजीतही जवळजवळ उभे आहेत हे कळल्यावर ती फोनवर इतकी हसली की तिची सून उठून आली.

विकण्याच्या क्रियेला दोन एल, कारण व्यवहाराला दोन माणसं लागतात, घेणारा आणि देणारा. एस ए एल ई ही नुसती विक्री, तिला एकच. ऐकण्याच्या 'हिअर'मध्ये ई ए आर म्हणजे कान आहे. वह्या-पेनांच्या स्टेशनरीच्या शेवटी ई आर वाय, कारण पेपरच्या शेवटीही ई आर आहे. जागेवर थांबलेल्या गाडीला ए आर वाय. 'इट्स'च्या डोक्यावरचा स्वल्पविराम हा आम्ही पुढच्या महिन्यासाठी ठेवलाय, तो पुन्हा स्वतंत्र डोकेदुखी आहे. आणि एका दिवशी एकच जोडी. दोन्ही शब्द एका वाक्यात घालून लिहायचे, वाक्य आपल्या घरातलं हवं. 'ओल्या उसाचं वजन व्हायची वाट पाहत गाडी उभी आहे' यात तिनं तिन्ही 'वेट' घातले आणि तिन्ही बरोबर आले. जनावरांचा डॉक्टर तेवढा राहिला. तो दुसऱ्या दिवशी गाईसाठी आला.

तिचा इंग्रजीचा पेपर मार्चमध्ये आहे. लिहिणं ती माझ्याकडे फोनवर करते, पण तिला कुणीतरी समोर बसून शब्द उच्चारून दाखवायला हवेत, ओठ दिसायला हवेत, म्हणजे व्ही आणि डब्ल्यूचा फरक डोळ्यांना तरी कळेल. सर, तुम्ही गावातच असता आणि संध्याकाळी पारावर बसता असं मला समजलंय. वीस मिनिटं पुरतील. येताना लाल पेन आणलं तरी तिची हरकत नाही, मी विचारून घेतलंय. आणि वर्गातल्या आणखी दोघींनी मघाशी चहाच्या वेळी माझ्याकडे सतरा नंबरच्या फॉर्मची चौकशी केली आहे. त्यांनी जेवणानंतर थांबावं. कुठले कागद लागतात ते मी लिहून आणलं आहे.